दोन टक्क्यांचे दान की नदीचे देणे?

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील उद्योजक, कामगार आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



‘उद्योगांचे अर्थसाहाय्य आणि पर्यावरणाची लोककार्ये’ हा विषय संयोजकांनी सुचविला, तेव्हा प्रथम मी नकारच देणार होतो. मी कला शाखेचा पदवीधर. ताळेबंद वाचण्याचे शिक्षण मला मिळालेले नाही आणि नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याचेही नाही. परंतु बातमीदार म्हणून तीस वर्षे या पट्ट्यात हिंडलो. कारखान्यांच्या फाटकाबाहेर उभा राहिलो, ग्रामसभांमध्ये मागच्या रांगेत बसलो, वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांची छायाचित्रे छापली. त्या छायाचित्रांतील रोपांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र मी फार उशिरा विचारला. आज जे बोलणार आहे ते त्या उशिरा सुचलेल्या प्रश्नातून.

या भूमीची ओळख

आपण जेथे जमलो आहोत ती भूमी मोरया गोसावींची. त्यांची समाधी चिंचवडला पवनेच्या काठी आहे. पलीकडे इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी. उत्तरेला चाकण. तेथील संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या प्रचंड सैन्याविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजविला. पुढच्या काळात चाकणची ओळख उरली ती कांद्याच्या बाजारपेठेची.

मग उद्योग आले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या माळांवर एकामागून एक कारखाने दिसू लागले. टेल्को आली, बजाज आली. त्यांच्या मागोमाग शेकडो लघुउद्योग आले. १९७० साली या गावांची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. माळ संपत आले तसा उद्योग इंद्रायणी ओलांडून चाकणला गेला आणि २००९ नंतर तर तेथे जगातील नामांकित मोटार कंपन्यांची रांगच लागली.

हे सारे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. मराठवाड्यातील, विदर्भातील, खानदेशातील लक्षावधी तरुणांच्या घरची चूल या पट्ट्याने पेटती ठेवली आहे. दुष्काळाच्या वर्षी गाव सोडून आलेल्या माणसाला येथे काम मिळाले, त्याची मुले येथे शिकली. उद्योग हा शत्रू आहे असे मानणाऱ्या पर्यावरणवाद्यांशी माझे कधी जमले नाही. परंतु ज्या नदीच्या पाण्यावर ही चूल पेटली, त्या नदीचे काय झाले हे विचारणे म्हणजे उद्योगद्वेष नव्हे. तो हिशेब आहे, आणि हिशेब उद्योजकाला तर अधिक कळायला हवा.

नदीचे दोन सावकार

पवना लोणावळ्याच्या दक्षिणेस सह्याद्रीत उगम पावते. मावळातील धरणात तिचे पाणी अडते, नदीपात्रातून खाली येते आणि रावेतच्या बंधाऱ्यावर आपले शहर ते उचलते. घरांना आणि कारखान्यांनाही हाच मोठा आधार. त्यानंतर नदी शहरातून वाहते. येथे तिच्याकडून घेतलेले पाणी आपण तिला परत करतो, पण कोणत्या रूपात करतो ते दापोडीला मुळेच्या संगमावर उभे राहिल्यास डोळ्यांना दिसते आणि नाकालाही कळते.

दापोडीला गोष्ट संपत नाही. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला. इंद्रायणीही आळंदीवरून जाऊन तुळापूरला भीमेतच मिसळते. भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते आणि तेथून खाली पंढरपूरला जाते. म्हणजे आपण येथे जे पाण्यात सोडतो ते जाते कोठे, तर चंद्रभागेकडे. आषाढीला पालख्या निघतात तेव्हा आळंदीच्या घाटावर इंद्रायणी फेसाळलेली दिसते. गेल्या काही वर्षांत हे चित्र देशभर गेले. तो फेस म्हणजे घरांतील व कारखान्यांतील साबणासारखी द्रव्ये असलेले, पुरेशी प्रक्रिया न झालेले सांडपाणी. वारकरी त्याच फेसात स्नान करतो आणि पंढरीची वाट धरतो. तीच नदी वेगळ्या वाटेने त्याच्या आधी पंढरीकडे निघालेली असते.

हा झाला खालचा सावकार. वरचाही एक सावकार आहे. मावळातील शेतकऱ्याने धरणासाठी जमीन दिली. नदीतून वाहणारे पाणी बंद जलवाहिनीतून शहराकडे न्यायचे ठरले, तेव्हा आपल्या शेताचे काय, असे त्याने विचारले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तिघांना प्राण गमवावे लागले. जलवाहिनी हवी की नको या वादात मी आज शिरत नाही. पण शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्यामागे कोणाचा तरी त्याग उभा आहे, हे त्या दिवशी आपल्याला कळायला हवे होते. किती जणांना कळले? २०१९ च्या नोव्हेंबरात शहराचा पाणीपुरवठा दिवसाआड झाला तेव्हा आपण पालिकेवर रागावलो. नदीची आठवण तेव्हाही आपल्याला झाली नाही.

असे हे आपले दोन सावकार. ज्यांच्याकडून पाणी घेतले ते वरचे आणि ज्यांच्याकडे घाण पाठविली ते खालचे. आजच्या विषयाकडे मी याच हिशेबाने पाहतो. उद्योगांनी पर्यावरणासाठी दिलेला पैसा हे दान की देणे, हा खरा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने सामाजिक उत्तरदायित्वाची तरतूद केली आणि १ एप्रिल २०१४ पासून ती अमलात आली. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली गेली, तरी तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. सरासरी नफा १०० कोटी असेल तर २ कोटी. देशभरात अशा कामांवर २०२२-२३ मध्ये सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्व राज्यांत मोठा होता. शिक्षण आणि आरोग्य यांना त्यातील सिंहाचा वाटा मिळतो, पर्यावरण बरेच मागे राहते.

या कायद्यातील चार गोष्टी कार्यकर्त्यांनी पाठ कराव्यात असे मला वाटते.

पहिली गोष्ट अशी की, कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कलमातच लिहिलेले आहे. चाकणच्या कारखान्याने दूरच्या राज्यात शाळा बांधली तर त्यात गैर काही नाही. पण भामा आणि इंद्रायणीच्या काठच्या गावांनी आपला विचार आधी व्हावा असे म्हटले, तर ती याचना ठरत नाही.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. अन्य कायद्याने जे करणे बंधनकारकच आहे ते या खात्यात दाखविता येत नाही. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ पासून आहे. आपल्या कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करून सोडणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. ते तिचे समाजकार्य नव्हे. एका हाताने नाल्यात आम्ल सोडायचे आणि दुसऱ्या हाताने नदीकाठी कदंब लावायचा, हा व्यवहार कायद्याला मान्य नाही आणि नीतीलाही नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘मार्चअखेर’. प्रत्येक कार्यकर्त्याने हा शब्द ऐकला आहे. फेब्रुवारीत दूरध्वनी येतो, ‘मार्चअखेर पैसे संपवायचे आहेत, काही प्रकल्प आहे का?’ वस्तुतः २०२१ साली अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, चालू प्रकल्प म्हणून मान्य केलेल्या कामाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात ठेवता येते आणि पुढील तीन वर्षांत खर्च करता येते. तेव्हा ‘कायद्यामुळे आम्हाला घाई करावी लागते’ हे कारण आता टिकत नाही. घाई कायद्यात नाही, ती आपल्या नियोजनात आहे.

चौथी गोष्ट, या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता लाभार्थी गट, नोंदणीकृत संस्था किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्या मालकीची असावी लागते. बंधारा बांधला तर तो गावाच्या नावाने उभा राहायला हवा. फलकावर कोणाचेही बोधचिन्ह असो.

आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या डिसेंबरात, माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीत पर्यावरणाची जबाबदारी अंतर्भूतच आहे असे स्पष्ट केले. निसर्गाचे रक्षण हे राज्यघटनेने सांगितलेले मूलभूत कर्तव्य आहे आणि त्यासाठी दिलेला पैसा ही ऐच्छिक दानशूरता नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. दान की देणे, या प्रश्नाचे उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायपीठानेच दिले आहे.

टवटवीत फलक

आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. गावाचे आणि कंपनीचे नाव घेत नाही. दोघांचाही हेतू वाईट नव्हता.

चाकणपासून थोड्या अंतरावरील एका टेकडीवर ५ जूनला वृक्षारोपण होते. मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. अधिकारी आले, टोप्या वाटल्या, खड्डे आधीच खणून ठेवलेले होते. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ जाऊन बसलो. त्यांना विचारले, ‘‘बाबा, खड्डे चांगले खोल खणलेत. गावाने श्रमदान केले का?’’ ते हसले आणि म्हणाले, ‘‘अहो, हे खड्डे जुनेच. पहिल्या साली खणले. आता तिसऱ्यांदा झाडं लावतायत त्यातच.’’

मी उठून पाहिले. टेकडीच्या पायथ्याशी कंपनीचा फलक होता. त्याला दर वर्षी नवा रंग मिळत होता. तेवढा तो टवटवीत होता. पहिल्या दोन वर्षांच्या रोपांपैकी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी उरली होती. त्या दिवशी मी ‘हजार रोपांची लागवड’ अशी बातमी दिली. तिसऱ्यांदा हा शब्द मी त्या बातमीत लिहिला नाही. फलक रंगविणाऱ्यांत माझाही हात होता, एवढे मी येथे कबूल करतो.

एका टँकरचे गणित

ती रोपे का मेली? त्यासाठी शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही, साधे गणित पुरे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरवरचा चाकणचा पूर्वभाग मात्र पर्जन्यछायेचा आहे. मुरमाड टेकडीवरील रोपाला पहिले दोन उन्हाळे तरी पाणी द्यावे लागते. आठवड्याला दहा लिटर धरा. हजार रोपांना दहा हजार लिटर, म्हणजे आठवड्याला एक टँकर. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत सुमारे सोळा-सतरा आठवडे, म्हणजे एका उन्हाळ्यात सोळा-सतरा टँकर. शिवाय शेळ्या-गुरांपासून कुंपण, वणव्याविरुद्ध जाळपट्टा आणि या सर्वांकडे रोज पाहणारा एक माणूस.

अनेक अर्थसाहाय्यांत रोप असते, खड्डा असतो, टोपी असते, फलक असतो. टँकर मात्र नसतो आणि तो माणूसही नसतो. हे म्हणजे बारसे थाटात करायचे आणि दुधाची सोय विसरायची.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक उघडा माळ झाडांनी भरलाच पाहिजे असे नाही. गवताळ माळ ही ओसाड जमीन नसून स्वतंत्र निसर्गसंस्था आहे. तेथे गुरे चरतात, मेंढपाळ उतरतो, जमिनीवर घरटी करणारे पक्षी राहतात. माळढोक दुर्मीळ झाला त्याचे एक कारण आपण माळांना पडीक समजलो, हेच आहे. जेथे झाडे लावायची तेथे वड, उंबर, पळस, कडुनिंब, बाभूळ, बोर, आपटा अशी या मातीत पिढ्यानपिढ्या टिकलेली झाडे लावावीत. लवकर वाढते आणि छायाचित्रात हिरवे दिसते म्हणून कोणतेही परदेशी झाड लावणे बरे नव्हे.

जलपर्णीचा धडा

दुसरे उदाहरण नदीचे. हिवाळा सरला की पवनेवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. २०१७ च्या अखेरीस वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबच्या पुढाकाराने नागरिकांनी ती काढण्याची मोहीम हाती घेतली. अनेक संस्था-संघटना जोडल्या गेल्या, सुटीच्या दिवशी माणसे पाण्यात उतरली आणि ट्रकच्या ट्रक जलपर्णी काठावर आली. याच शहरात नदीला पाठ दाखवून घरे बांधली गेली होती. तेथे शेकडो लोक पहिल्यांदा नदीकडे तोंड करून उभे राहिले. हे काम लहान नव्हते. डॉ. विश्वास येवले यांच्या जलदिंडीनेही २००२ पासून आळंदी ते पंढरपूर नदीमार्गाने प्रवास करून हाच संस्कार केला. नदी आपली आहे, असे वाटल्याशिवाय ती स्वच्छ होत नाही.

परंतु जलपर्णी पुन्हा येते. का येते? सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे खत आहे. आपण वरून खत घालीत राहिलो आणि खालून पीक कापीत राहिलो, तर ही शेती कधी संपायची? आडात नाही तर पोहऱ्यात येणार कोठून, ही म्हण येथे उलटी करावी लागते. जे आडात आहे तेच पोहऱ्यात येणार. म्हणून नागरिकांच्या मोहिमेला यंत्र, बोटी, इंधन यांसाठी साहाय्य अवश्य द्यावे, पण त्याच वेळी नाल्याच्या मुखाशी जाऊन हे पाणी कोणाचे, हे विचारणाऱ्यांनाही बळ द्यावे. पाण्याची नियमित तपासणी, नाल्यांचे नकाशे, शाळा-महाविद्यालयांतील मुलांकडून नोंदी ही कामे फारशी खर्चाची नाहीत. फार तर ती गैरसोयीची आहेत. गैरसोयीच्या कामाला पैसा देणारा उद्योजक मला खरा दाता वाटतो.

येथे लघुउद्योजकांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. मोठ्या कारखान्याच्या आवारात शुद्धीकरणाची यंत्रणा असते. त्याला सुटे भाग पुरविणाऱ्या, धातूवर मुलामा चढविणाऱ्या गाळ्यात ती परवडत नाही. गाळ्याचा मालक खलनायक नसतो. भाव पाडून घेतलेल्या मागणीपत्राखाली तो दबलेला असतो. मोठ्या कंपनीने आपल्या पुरवठादाराला दर देताना सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च धरला, तर ते दोन टक्क्यांत मोजले जाणार नाही. पण पवनेला त्याचा उपयोग अनेक वृक्षारोपणांहून अधिक होईल.

कायद्याच्या आधीचे लोक

कोणी म्हणेल, उद्योजकाला नफा कमवायचा असतो, त्याच्याकडून एवढी अपेक्षा का? कारण या पट्ट्यात ती अपेक्षा पूर्ण झालेली आहे. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांनी पिंपरीच्या उजाड, खडकाळ जमिनीवर कारखाना उभारताना आधी झाडे लावली आणि तळे करविले. त्या तळ्यावर पुढे दूरदूरचे पक्षी उतरू लागले. तेव्हा कोणताही दोन टक्क्यांचा कायदा नव्हता. बजाज परिवाराने १९८७ साली जानकीदेवी बजाज ग्रामविकास संस्था स्थापन केली आणि गावांतील पाण्याच्या, शेतीच्या कामाला हात घातला, तेव्हाही कायदा यायला पाव शतक अवकाश होता. जमनालाल बजाजांनी गांधीजींकडून घेतलेला विश्वस्तवृत्तीचा विचार त्यामागे होता.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. आपल्या शास्त्रांनी ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे धर्माचे दोन भाग मानले. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहिरी, तळी, बागा, धर्मशाळा. विहीर खणणे हे पुण्य मानले गेले, कारण तिचे पाणी कोण पिणार हे खणणाऱ्याला ठाऊक नसे. पुण्यश्लोक अहल्यादेवी होळकरांच्या जन्माचे तीनशेवे वर्ष २०२५ साली पूर्ण झाले. त्यांनी बांधलेले घाट आणि बारवा आज इतक्या काळानंतरही उभ्या आहेत. आपल्या अर्थसाहाय्यातून उभे राहिलेले काम तीनशे वर्षे टिकावे असे मी म्हणत नाही. तीन उन्हाळे टिकावे, एवढेच म्हणतो.

काय करता येईल?

नुसती टीका करून थांबणे पत्रकाराला सोपे असते. म्हणून काही सूचना मांडतो.

उद्योजकांना माझी पहिली विनंती, प्रकल्प ठरविण्यापूर्वी ग्रामसभेत बसा. फलकाचे अनावरण करायला नव्हे, ऐकायला. गावाला झाडे हवीत की पाझर तलावातील गाळ काढून हवा आहे, हे गावाला ठाऊक असते. गाळ काढून तो शेतात टाकण्याची योजना राज्य शासनाने २०१७ साली आखली. त्यात शासन, संस्था आणि शेतकरी तिघेही सहभागी होतात. मूळ योजनेत शेतकरी स्वखर्चाने गाळ वाहून नेत असे, म्हणून काम त्याचे होत असे. फुकट मिळालेल्या गोष्टीला राखणदार मिळत नाही.

दुसरी विनंती, एका वर्षाचे दहा प्रकल्प करण्याऐवजी चार वर्षांचे दोन करा. देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात घाला आणि हप्ते जगलेल्या झाडांवर द्या, लावलेल्या झाडांवर नको. गावातील महिला बचत गटाकडे पाणी देण्याचे आणि राखणीचे काम सोपविले तर त्यांनाही रोजगार मिळेल. एका गावात मी हे पाहिले आहे. तेथील भगिनींनी मला एकेक झाड दाखविले. कोणते झाड कोणाच्या वाट्याचे, हे त्यांना तोंडपाठ होते.

तिसरी विनंती, लहान संस्थांना घाबरवू नका. २०२१ पासून अशा निधीसाठी संस्थेला केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. लेखापरीक्षण, करसवलतीची प्रमाणपत्रे, अहवाल हे सारे आवश्यकच आहे. पण नदीकाठी पंधरा वर्षे राबणाऱ्या कार्यकर्त्याला प्रकल्प अहवालाची भाषा येत नाही, म्हणून तो परत पाठविला जातो आणि सुबक चित्रफीत दाखविणाऱ्याला काम मिळते. आपल्या लेखापालाला महिन्यातून एक दिवस अशा संस्थेकडे पाठवा. तेही अर्थसाहाय्यच आहे.

कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे. हिशेब चोख ठेवा. समाजाचा पैसा हा देवाच्या निर्माल्यासारखा जपून हाताळायचा असतो. मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचे त्रयस्थ मूल्यमापन कायद्याने सांगितले आहे, पण ते १० कोटी वा त्याहून अधिक दायित्व असलेल्या कंपन्यांच्या १ कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरते. गावपातळीवरचे बहुतेक काम या चाळणीतून सुटते. तेथे आपणच आपले परीक्षक व्हायचे. दर वर्षी मेअखेर झाडे मोजा, विहिरीची पातळी मोजा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आकडा वाईट आला तरी लिहा. आणि एक पथ्य पाळा. ज्याचा पैसा घेतला त्याच्या नाल्याविषयी मौन पाळण्याची अट कधी मान्य करू नका. अशा अटीवर आलेला पैसा परत करण्याची ताकद संस्थेत हवी.

पत्रकारांनी, म्हणजे मी, काय करावे? ५ जूनची बातमी कमी छापावी आणि पुढल्या वर्षीच्या ३१ मेची अधिक. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात या खर्चाचा तपशील जोडावाच लागतो, तो कोणालाही वाचता येतो. माझ्यासारखा कला शाखेचा माणूस तो वाचायला शिकला, तेव्हा कोणीही शिकू शकेल.

शेवटचे मागणे

त्या टेकडीवर मी नंतर पुन्हा गेलो. एकदा खोटी बातमी दिली म्हटल्यावर जाणे भागच होते. म्हातारबाबा भेटले. त्यांनी मला खड्ड्यांच्या रांगेच्या टोकाशी नेले. तेथे एक उंबर उभा होता, माझ्या खांद्याइतका. मी विचारले, ‘‘हा कसा जगला?’’ ते म्हणाले, ‘‘माझ्या नातवानं लावलेला. म्हातारीनं रोज कळशी घातली. नातवाचं झाड मरू कसं द्यायचं?’’

मित्रहो, माझे सारे भाषण या एका वाक्यात आले आहे. कंपनीने हजार रोपे दिली, पण ती कोणाचीच नव्हती. एक रोप कोणाचे तरी होते, ते जगले. दोन टक्के रक्कम कायदा काढून घेईल. ‘कोणाचे तरी’ असणे मात्र कायद्याला देता येत नाही. ते उद्योजकाने गावाशी आणि शहराने नदीशी नाते जोडूनच येईल. पवनेचे आणि इंद्रायणीचे देणे आपल्यावर आहे. वरच्या सावकाराला पाण्याचा मोबदला द्यायचा आहे आणि खालच्याला स्वच्छ पाणी परत करायचे आहे. पुढच्या आषाढीला आळंदीच्या घाटावर उभे राहिल्यावर आपली मान खाली जाऊ नये, एवढीच प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.